राजा नेमका गेला कधी?

१७ सप्टेंबरला नवी मुंबईत काही घडत नाही. गणपतीचे दिवस असले तर मंडपांची गडबड, नसले तर उरलासुरला पाऊस. वाशीच्या मार्केटात गाड्या रिकाम्या होतात, हार्बरच्या लोकल भरतात, शाळेच्या बस हॉर्न वाजवत सोसायट्यांच्या दाराशी उभ्या राहतात. त्याच सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात स्मृतिस्तंभाला पुष्पचक्र वाहून मुख्यमंत्री झेंडा चढवतात आणि मराठवाड्यातल्या गावोगावच्या शाळांत पोरे इस्त्रीचे कपडे घालून रांगेत उभी असतात. कामोठ्याच्या किंवा कळंबोलीच्या एखाद्या घरात मूळचा परभणीचा, लातूरचा, नांदेडचा माणूस गावाकडच्या ग्रुपवर आलेले ते फोटो बघतो आणि डबा घेऊन कामाला निघतो. शेजाऱ्याने विचारलेच, की आज तुमच्याकडे काय असते, तर उत्तर एका वाक्यात येत नाही. '१९४८ साली या दिवशी मराठवाडा मुक्त झाला,' एवढे म्हणावे, तर पुढचा प्रश्न तयार असतो: कुणापासून? इंग्रज तर आदल्याच वर्षी गेले होते ना?

हे पुस्तक त्या प्रश्नातून निघाले. खारघर, कामोठे, कळंबोली, कोपरखैरणे, ऐरोली इथे पोटापाण्यासाठी येऊन राहिलेल्या मराठवाडी घरांतून संपादकांनी आठवणी जमवल्या. ज्यांनी तो काळ पाहिला अशी माणसे आता थोडीच उरली आहेत. म्हणून बहुतेक आठवणी ऐकलेल्या, म्हणजे आजीच्या, आजोबांच्या, चुलत्यांच्या आहेत. संपादकांनी प्रत्येक घरी शेवटी एकच प्रश्न विचारला: तुमच्या घरच्यांच्या मते राजा गेला कधी? माझी समजूत अशी होती, की याचे उत्तर सगळीकडे सारखे येईल. कच्ची प्रत वाचल्यावर ती समजूत गेली. प्रस्तावना लिहायला मी हो म्हणाले ते त्यामुळेच.

आधी त्या राजाच्या, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या, राज्याविषयी थोडे. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात निजामाचे राज्य असा शब्द क्वचितच येई. ते म्हणत मोगलाई. 'आम्ही मोगलाईतले, सोलापूरचे लोक इंग्रजीतले.' मोगल दख्खनमधून केव्हाच संपले होते. १७२४ साली बुलढाण्याजवळच्या साखरखेर्ड्याच्या लढाईत पहिल्या निजामाने दिल्लीच्या बादशहाने नेमलेल्या सुभेदाराला मारले आणि तेव्हापासून तो स्वतःच्या मर्जीचा मालक झाला. तरी नाव मोगलाईच राहिले, आणि पुढे तर अंदाधुंद कारभाराला मराठीत तोच शब्द रूढ झाला. सातवा निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आला. त्याचे संस्थान ८२ हजार चौरस मैलांहून मोठे, १९४१ च्या मोजणीत लोकसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या आसपास. सोळा जिल्हे: आठ तेलंगणाचे, तीन कानडी, आणि पाच आमचे, म्हणजे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. लातूर, जालना, हिंगोली हे जिल्हे पुष्कळ नंतरचे. १९३७ साली अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकाने या माणसाला जगातला सर्वांत श्रीमंत म्हणून मुखपृष्ठावर छापले. ती श्रीमंती कशाची, हे समजायला एक शब्द पुरे: सरफेखास. राज्याच्या जमिनीपैकी सुमारे दहावा हिस्सा राजाच्या खासगी खर्चासाठी होता. त्याखेरीज जहागीरदार आणि पायगावाले होते, ज्यांच्या गावांत वसूल, फौजदारी आणि न्याय हे सगळे त्यांच्याच हाती असे. जहागिरीतल्या कुळाला निजाम कधी दिसलाच नाही. त्याचा राजा म्हणजे गढीवरचा माणूस आणि त्या माणसाची वेठ.

आता लढ्याकडे वळू, आणि इथे माझे नेहमीच्या पद्धतीशी भांडण आहे. मुक्तिसंग्राम सांगताना लोक थेट रझाकारांपासून, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांपासून, सुरू करतात. जळलेली गावे, पळापळ, मग भारतीय फौज, मग झेंडा. सिनेमाला हे ठीक. पण राजा जाऊन प्रजेचे राज्य यायचे, तर त्या राज्यात वागायचे कसे हे प्रजेला कुठेतरी शिकावे लागते, आणि आमच्या लोकांनी ते राजा गादीवर असतानाच शिकून घेतले होते. तेही कुठे? वाचनालयात आणि शाळेत. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे. औरंगाबादची सरस्वती भुवन शाळा १९१५ ची. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. सरकारी उच्च शिक्षण उर्दूतून होते. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठ हे देशी भाषेतून सर्व विषय शिकवणारे भारतातले पहिले विद्यापीठ म्हणून कौतुकास पात्र होते, पण ती देशी भाषा बहुसंख्य प्रजेची नव्हती. मराठी शाळा काढायची तर परवानगी, सभा घ्यायची तर परवानगी. 'गश्ती निशाण ५३' या परिपत्रकाचे नाव त्या काळच्या आठवणी लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने घेतले आहे. त्याच्यामुळे साध्या व्याख्यानालाही सरकारची मंजुरी लागे. मग माणसे काय करतील? ती वाचनालयाची वार्षिक सभा घेतील. अध्यक्ष निवडतील, इतिवृत्त लिहितील, वर्गणीचा हिशेब वाचून मंजूर करतील. आज सोसायटीच्या वार्षिक सभेला कोरम होत नाही म्हणून अर्धा तास थांबून तीच सभा पुन्हा घेणाऱ्या आपल्यासारख्यांना यात काही थोर वाटणार नाही. पण ज्या राज्यात हिशेब विचारायची सोयच नाही, तिथे चाळीस माणसांनी एका चिटणिसाला 'रॉकेलला इतका खर्च कसा?' असे विचारणे ही लहान गोष्ट नव्हे.

हिप्परग्याच्या शाळेत व्यंकटेश खेडगीकर नावाचे एक शिक्षक आले. जन्म १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. आधी कामगार चळवळीत ना. म. जोशींच्या हाताखाली काम केलेले. पुढे त्यांनी संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले. नंतर मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, त्यांनी शाळा चालवली. भगव्या कपड्यातला हा माणूस मठात रमला नाही, राजकारणात उतरला आणि तिथे तो संघटनेच्या नियमांना धरून वागला. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. आंध्र महासभा आधीच होती, कर्नाटक परिषदही उभी राहिली. म्हणजे तीन भाषांची प्रजा आपापल्या भाषेत ठराव करू लागली. १९३८ साली या सगळ्यांची मिळून हैदराबाद स्टेट काँग्रेस निघायची होती. ती नीट स्थापन व्हायच्या आधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. न जन्मलेल्या संस्थेवर बंदी घालणारे सरकार घाबरलेले असते, एवढे त्यातून कळले. त्याच वर्षी औरंगाबादच्या कॉलेजातल्या मुलांनी वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटले. हे लोण उस्मानियापर्यंत गेले, शेकडो मुले काढली गेली. त्यांना नागपूर विद्यापीठाने जागा दिली. त्यांत पी. व्ही. नरसिंह राव नावाचा एक तेलुगू मुलगा होता. पुढे रामटेकहून निवडणूक लढवताना तो मराठीत प्रचार करी, त्या मराठीचे मूळ कुठे असावे हा माझा एक आवडता तर्क आहे.

बंदी उठली ती १९४६ साली, आणि त्यानंतर जे झाले ते मला या सगळ्या कथेतले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण वाटते, जरी त्यात एकही गोळी सुटली नाही. स्टेट काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला लढ्याच्या भाषेत बोलणारे स्वामीजी, दुसऱ्या बाजूला मवाळ, वकिली वळणाचे बुर्गुला रामकृष्ण राव. स्वामीजी अगदी थोड्या मतांनी निवडून आले. हरलेल्यांनी वेगळी चूल मांडली नाही. सहा वर्षांनी, १९५२ साली, याच बुर्गुलांना हैदराबादच्या लोकांनी निवडलेला पहिला मुख्यमंत्री होण्याचा मान मिळाला. राजा अजून राजवाड्यात असताना त्याच्या प्रजेने निवडणूक लढवून, हरून, एकत्र राहून दाखवले होते.

पुढचा भाग बहुतेकांना माहीत असतो, म्हणून मी भराभर जाते. जून १९४७ मध्ये निजामाने जाहीर केले, की इंग्रज गेल्यावर आपण ना भारतात ना पाकिस्तानात, स्वतंत्र राहू. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने 'भारतीय संघराज्यात सामील व्हा' दिन पाळला. १५ ऑगस्टला तिरंगा फडकवला म्हणून स्वामीजी तुरुंगात गेले. २९ नोव्हेंबरला भारताशी वर्षभरासाठी 'जैसे थे' करार झाला. त्या आडोशाने रझाकार माजले. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील, म्हणजे आमच्यातच राहणारा, हे आमच्याकडची माणसे जरा खाली मान घालून सांगतात. सरहद्दीबाहेर बार्शी, सोलापूर, वाशीम, उमरखेड, चांदा अशा ठिकाणी कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. तिथून येऊन तरुण करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जाळत, तारा तोडत, ठाण्यांवर हल्ले करत. तेलंगणात कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी बंदुकाच हाती घेतल्या होत्या. आमच्याकडे अर्जापूरजवळ १९४६ मध्येच कार्यकर्ते गोविंदराव पानसरे मारले गेले होते. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या बायका हत्यार घेऊन उतरल्या. हैदराबाद शहरात शोएबुल्ला खान हे उर्दू दैनिकाचे तरुण संपादक विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री कचेरीतून घरी येताना त्यांना ठार केले गेले. रझाकार म्हणजे मुसलमान असे सोपे समीकरण मांडणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज शिरली. सोलापूरच्या बाजूने येऊन तिने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले. १७ तारखेच्या संध्याकाळी निजामाने रेडिओवरून शरणागती सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याचा सेनापती एल एद्रूस याने मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. रणगाडे घेऊन केलेल्या या कारवाईला 'पोलीस ॲक्शन' म्हटले गेले, कारण निजामाचे गाऱ्हाणे तोवर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत पोचले होते आणि हा आमचा घरचा मामला आहे असे भारताला दाखवायचे होते. माझ्या आजीच्या तोंडी तो एकच शब्द होता, 'पोलीसॅक्शन'. तिच्या दृष्टीने ते सालाचेच नाव होते. कुणाचा जन्म, कुणाचे लग्न, कोणत्या बैलाची खरेदी, सगळे पोलीसॅक्शनच्या आधी किंवा नंतर.

इथे थोडे थांबावे लागेल, कारण या पुस्तकातल्या काही घरांनी जे सांगितले ते आमच्या भाषणांत येत नाही. फौज आली त्या दिवसांत आणि त्यानंतर गावोगावच्या मुसलमानांवर सूड उगवला गेला. त्यांतल्या पुष्कळांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये फिरून पाहणी केली. कमी धरून मोजले तरी संस्थानभर २७ ते ४० हजार माणसे गेली, असा तिचा अंदाज होता. सर्वांत वाईट चार जिल्ह्यांत दोन आपले: उस्मानाबाद आणि नांदेड. उरलेले दोन बिदर आणि गुलबर्गा. तो अहवाल कित्येक दशके कपाटात राहिला. शेजाऱ्याला लपवून वाचवणारे हिंदू भेटल्याचीही नोंद त्यात आहे. रझाकारांनी केलेले अत्याचार यामुळे पुसले जात नाहीत, आणि त्या अत्याचारांमुळे हेही पुसले जात नाही. संपादकांपैकी एकाने मला विचारले, की तीन मुस्लिम घरांच्या आठवणी पुस्तकात घेतल्या तर वाद होईल का. मी म्हटले, होईल, आणि घ्या. 'राजा गेला कधी' या प्रश्नाला त्या घरांनी दिलेले उत्तर वाचताना मला पान उलटायला वेळ लागला.

तर, राजा गेला का १७ सप्टेंबरला? नाही. चौधरी लष्करी प्रशासक झाले, पण फर्माने निजामाच्याच नावाने निघत राहिली. १९४९ साली सरफेखास सरकारजमा झाले आणि जहागिरी रद्द झाल्या. जहागिरीतल्या कुळाच्या लेखी राजा तेव्हा गेला. मग घटना आली. तिची गंमत, गंमतच म्हणते, अशी की घटना समितीत हैदराबादच्या वाट्याला सोळा जागा होत्या आणि त्यांवर कुणीही नव्हते. एवढ्या मोठ्या संस्थानाची प्रजा ज्या घटनेच्या लिखाणात बसलीच नाही, ती घटना संस्थानाला लागू झाली कशी? नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढले, की भारताची घटना हीच हैदराबादची घटना. राजाच्या हुकमाने प्रजासत्ताक! आणि २६ जानेवारी १९५० ला त्याच निजामाने त्या घटनेनुसार राजप्रमुखपद स्वीकारले. वर्षाला ५० लाखांचा तनखा. बुर्गुलांच्या लोकनियुक्त मंत्रिमंडळाच्या माथ्यावर राजप्रमुख म्हणून सही होती ती मीर उस्मान अली खान यांची. वल्लभभाई आणि व्ही. पी. मेनन यांना हे व्यवहाराचे वाटले असेल, आणि होतेही. तुरुंगातून सुटून आलेल्या कार्यकर्त्याला कसे वाटले असेल याची कल्पना करा.

आमच्या इमारतीचे वॉचमन नेपाळचे आहेत. ही कच्ची प्रत मी खाली बसून वाचत होते तेव्हा त्यांनी विचारले आणि मी सांगत गेले. त्यांना आपल्या राजाच्या जाण्याची तारीख पक्की ठाऊक होती. २००६ च्या एप्रिलमध्ये एकोणीस दिवस लोक रस्त्यावर होते. २८ मे २००८ ला काठमांडूत संविधान सभेने मतदान घेतले, ५६० विरुद्ध ४, आणि दोनशे चाळीस वर्षांची राजेशाही संपली. पंधरवड्यात राजे ज्ञानेंद्र राजवाडा सोडून गेले, राजवाड्याचे संग्रहालय झाले. लोक, मतदान, तारीख, सगळे एका रेषेत. आमचा राजा राज्य गेल्यावरही आठ वर्षे पदावर होता असे ऐकल्यावर ते हसले. मीही हसले, पण मग वाटले, त्यांच्याकडे राजा आधी गेला आणि घटना लिहायला पुढे सात वर्षे लागली. कुणाचे सोपे होते?

नवी मुंबईच्या वाचकाला हे सगळे लांबचे वाटू नये म्हणून एक आठवण. राजे फक्त मराठवाड्यात नव्हते. ज्या रायगड जिल्ह्यात पनवेल आणि उरण आहेत, त्याच जिल्ह्यात मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्यावर १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचे राज्य होते. तिथे मोहन धारिया लोकसेना उभारून उतरले होते. पाली-सुधागड भोर संस्थानात होते. आणि सातारा-सांगलीकडच्या औंधात तर राजाने, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३९ साली आपण होऊनच सत्ता गावपंचायतींच्या हाती दिली होती. मराठी मुलखात राजा जाण्याचे एवढे प्रकार आहेत, की आपल्या पाठ्यपुस्तकाने त्यांना एका परिच्छेदात का कोंबावे हे मला कळलेले नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. राजप्रमुख हे पदच घटनेतून गेले. आणि त्याच दिवशी हैदराबाद नावाचे राज्यही नाहीसे झाले. ज्यांनी ते राज्य मुक्त केले त्यांनीच, स्वामीजींनीही, ते तीन भाषांत वाटून टाकावे असा आग्रह धरला होता. मराठवाडा कोणतीही अट न घालता द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. ही बिनशर्त येण्याची गोष्ट आमच्याकडे अजून अभिमानाने सांगतात, आणि पाण्याचा, रेल्वेचा, नोकऱ्यांचा विषय निघाला की तीच गोष्ट त्रासून सांगतात. पुस्तकातल्या निम्म्या घरांनी कामोठ्याला का आलो हे सांगताना तिथूनच सुरुवात केली आहे. पुढे १९६७ साली निजाम वारला. १९७१ च्या घटनादुरुस्तीने देशभरातल्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले.

म्हणजे तारखा भरपूर आहेत. १९४८, १९४९, १९५०, १९५६, १९७१. प्रत्येक तारखेला एकेक घर मिळाले आहे, हे वाचक पाहतीलच. अनंत भालेराव यांच्या हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावरच्या ग्रंथाने आम्हाला नेत्यांचा आणि चळवळीचा इतिहास दिला. त्याच्या जागी हे पुस्तक ठेवू नये. यातल्या तारखा चुकतात, नावे मिसळतात, एकाच रझाकाराला तीन गावांनी मारले आहे. संपादकांनी त्या चुका तशाच ठेवून खाली टीप दिली, हे बरे केले.

माझ्या घरचे उत्तरही त्यांनी मागितले. माझ्या आजीचे माहेर बार्शीकडचे, म्हणजे इंग्रजीतले, सासर मोगलाईतले. मध्ये करोडगिरीचा नाका. माहेराहून येताना आईने दिलेले लुगडे, गुळाची ढेप, मुलांचे कापड, प्रत्येक वेळी गाडीतून उतरून गाठोडे सोडून दाखवायचे आणि शिपाई सांगेल ती जकात भरायची. कलदार रुपया तिकडचा, हाली इकडचा, त्याचा हिशेब वेगळा. निजाम, रझवी, चौधरी ही नावे तिने घेतलेली मला आठवत नाहीत. ती सांगायची ते एवढेच, की एका वर्षी ती माहेराहून निघाली, नाक्याच्या ठिकाणी सवयीने गाडी थांबवायला सांगितली, गाठोड्याची गाठ सोडू लागली, आणि गाडीवान म्हणाला, वहिनी, आता इथे कुणी बसत नाही.